कारखान्याच्या विषारी किनाऱ्यावर स्थानिक झाडे लावली, तर माती खरोखर शुद्ध होते का?

बोरीबंदर यांचा प्रश्न:

नमस्कार. मी गेली सहा वर्षे सिॲटलमध्ये राहतो. यंदाच्या उन्हाळ्यात आईबाबा आले होते, तेव्हा त्यांना लेक युनियन तळ्याच्या उत्तर काठावरील गॅस वर्क्स पार्क, म्हणजे जुन्या वायू कारखान्याच्या जागी केलेले उद्यान, दाखवायला नेले. बाबांची सारी नोकरी अंबरनाथला रंगांच्या कारखान्यात झाली. हिरवळीवर उभे असलेले ते गंजलेले मनोरे पाहून लोक छायाचित्रे काढत होते, पण बाबा कुंपणापाशी थांबले आणि त्यांनी विचारले, "खालच्या मातीचे काय केले यांनी?" मला उत्तर ठाऊक नव्हते. झाडे लावली असतील, झाडे शोषून घेतात, असे मी ठोकून दिले. त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न आला, "आणि झाडाने शोषलेले मग जाते कुठे?"

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. अशा किनाऱ्यांवर स्थानिक वनस्पती लावतात त्या माती शुद्ध करण्यासाठी लावतात, की शुद्धीकरण आधीच उरकलेले असते आणि झाडे केवळ शोभेला असतात? शिवाय 'स्थानिक'च झाडे हवीत हा आग्रह शास्त्रीय आहे की तीही एक फॅशन आहे? विचारण्याचे कारण असे की, या हिवाळ्याआधी डुवामिश नदीच्या काठावर लागवडीसाठी स्वयंसेवक म्हणून जायचा आमच्या काही मित्रांचा विचार आहे, आणि आपण नेमके काय करत आहोत हे जाण्याआधी समजून घ्यावे असे वाटते.

भूस्तर यांचे उत्तर:

मी प्रदूषित जमिनींच्या तपासणीचे काम करतो. आपल्या वडिलांचा दुसरा प्रश्न पहिल्याहून मोलाचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

जमिनीतील विषांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात, मोडणारी आणि न मोडणारी. शिसे, आर्सेनिक, कॅडमियम ही मूलद्रव्ये असल्याने कोणताही जीवाणू ती खाऊन संपवू शकत नाही. आपल्याकडेही जुन्या भिंतींच्या फटींत दिसणारे टेरिस व्हिटाटा नावाचे नेचे आर्सेनिक आपल्या पानांत साठवते, हे २००१ मध्ये फ्लोरिडातील संशोधकांनी दाखवून दिले. आपली फोडणीची मोहरीसुद्धा शिसे थोडेफार उचलते. परंतु ती पाने वेळेवर कापून, विषारी कचरा समजून दुसरीकडे नेली नाहीत, तर वाळून पडल्यावर सगळे पुन्हा त्याच मातीत जाते. थोडक्यात, झाडाने शोषलेले आपोआप कुठेच जात नाही, ते कोणाला तरी उचलून न्यावे लागते.

गॅस वर्क्सची गोष्ट बरीचशी मोडणाऱ्या विषांची आहे. हा कारखाना १९०६ मध्ये सुरू झाला आणि १९५६ मध्ये बंद पडला. लालबागच्या गॅस कंपनी लेनला ज्या धंद्यामुळे नाव मिळाले तोच हा धंदा: दगडी कोळसा बंद भट्टीत तापवायचा, निघालेला वायू नळांतून शहराला पुरवायचा, आणि मागे राहिलेले डांबर सांडत-झिरपत आवारातच मुरायचे. १९३७ पासून कोळशाऐवजी तेल वापरू लागले, पण मागे राहणारी घाण जवळपास तशीच होती. कपाटातल्या जुन्या डांबरगोळीचा वास ज्याला आठवतो, त्याला या जमिनीतले एक रसायन, म्हणजे नॅप्थलीन, ओळखीचे आहे. त्याच्या जोडीला बेन्झिन आणि रेणूत कार्बनच्या चार-पाच कड्या असलेली जड हायड्रोकार्बने (कार्बन आणि हायड्रोजनची संयुगे) असतात, ज्यांतील काही कर्करोगकारक आहेत.

शहराने ही जागा १९६२ मध्ये विकत घेतली आणि १९७० मध्ये भूदृश्यकार रिचर्ड हाग यांना आराखड्याचे काम दिले. सगळे पाडावे, माती खरवडून न्यावी आणि वर नवी बाग करावी, हीच त्या काळातील सर्वमान्य वाट होती. हाग यांनी मनोरे तर ठेवलेच, पण मातीही बरीचशी जागेवरच ठेवली आणि तिच्यात मैलापाण्याचा गाळ, लाकडाचा भुसा आणि पालापाचोळा मिसळला. शेतकरी शेणखत घालून नांगरतो तसाच हा प्रकार समजावा: जीवाणूंना खाणे आणि हवा मिळाली की ते हळूहळू हायड्रोकार्बनही फोडू लागतात. पाडकामाचा राडारोडा एका बाजूला रचून त्यावर माती घातली, तीच आज पतंग उडवायची टेकडी आहे. उद्यान १९७५ मध्ये खुले झाले.

आता या कथेतला कमी सांगितला जाणारा भाग. मातीत घातक हायड्रोकार्बने आढळल्यामुळे १९८४ मध्ये उद्यान काही महिने बंद ठेवावे लागले. त्यानंतर स्वच्छ मातीचे आवरण घातले गेले, काही ठिकाणी डांबर पुन्हा वर झिरपले, आणि २००० च्या सुमारास भूजलातील बेन्झिन काढण्यासाठी जमिनीत हवा सोडण्याची यंत्रणा बसवावी लागली. तळ्यात उतरायला तिथे आजही मनाई आहे. माझ्या मते हाग यांची कल्पना चुकीची नव्हती, ती वरच्या थरापुरती खरी होती. खाली जिथे हवा पोहोचत नाही तिथे जीवाणूंचे काम रेंगाळते, आणि रेणूतील कडी जितकी जास्त तितके ते अधिकच रेंगाळते.

ओली_माती यांचे उत्तर:

मी भूदृश्य आराखडे करते, त्यामुळे भूस्तर यांच्या व्यवसायाशी आमची नेहमी जिथे जुंपते ती जागा सांगते. विषारी थरावर स्वच्छ मातीचे आवरण घातले की त्याला कोणी भोक पाडू नये असे अभियंत्याला वाटते, आणि झाडाच्या मुळाचा तर तोच उद्योग असतो. मोठा वृक्ष वादळात मुळांसकट उलटला तर मुळांच्या थाळीबरोबर खालची माती वर येते, हा धोका कागदावरचा नाही. म्हणून आवरण पातळ असेल तिथे आम्ही गवते आणि झुडपे घेतो, आणि वृक्ष हवेच असतील तर स्वच्छ भरावाचा उंचवटा करून त्यावर लावतो. अशा उद्यानांत जे डौलदार चढउतार दिसतात, त्यांतले पुष्कळसे सौंदर्यदृष्टीपेक्षा या हिशेबातून आलेले असतात.

आपल्याच शहरातील ऑलिंपिक स्कल्प्चर पार्क या दृष्टीने पाहावे. तिथे युनोकल कंपनीचा इंधन साठवण्याचा तळ होता. उद्यानाच्या आधी तेलाने माखलेली १,२०,००० टनांहून अधिक माती उचलून नेली गेली, आणि नंतर नवा भराव घालून, रस्ता व रेल्वे ओलांडत पाण्यापर्यंत उतरणारी झेड आकाराची वाट वाइस-मॅनफ्रेडी या वास्तुविशारदांनी रचली. जानेवारी २००७ मध्ये ते खुले झाले. वरच्या अंगाला डग्लस फर आणि वेस्टर्न रेड सीडर, मध्ये अस्पेन वृक्षांची राई, खाली किनाऱ्याची झुडपे अशी लागवड आहे. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचे या जागेपुरते उत्तर सरळ आहे: माती ट्रकने स्वच्छ केली, झाडे नंतर आली.

मात्र झाडे शोभेची आहेत असे मी म्हणणार नाही. त्या उद्यानाची मला सर्वात आवडती गोष्ट शिल्पांमध्ये नाही, पाण्याखाली आहे. सिॲटलच्या किनाऱ्याला उभी भिंत घातलेली असल्यामुळे नदीतून समुद्राकडे निघालेल्या सॅमन माशांच्या पिलांना उथळ पाणीच उरले नव्हते. ती एरवी काठाकाठाने, मोठ्या माशांना पोहोचता येणार नाही अशा उथळातून जातात. इथे भिंतीलगत पाण्याखाली दगडांची एक पायरी बांधली आणि बाजूला छोटी पुळण तयार केली. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी नंतर मोजणी केली, तेव्हा लगतच्या भिंतीपेक्षा इथे पिलांची दाटी अधिक आढळली. काठावरच्या झुडपांचे काम इथे सुरू होते. त्यांच्यावरचे किडे पाण्यात पडतात आणि ते पिलांचे खाद्य असते. परदेशी शोभेच्या झुडपावर इथले किडे फारसे पोसले जात नाहीत, म्हणून स्थानिकतेचा आग्रह. फॅशनचा भागही आहेच, नाही असे नाही.

एक खबरदारी मात्र घ्यावी. स्थानिक रोप म्हणजे आपोआप जगणारे रोप, हा गैरसमज फार पसरलेला आहे. रोप या प्रदेशाचे असले तरी भराव या प्रदेशाच्या जंगलातला नसतो; तो दाबून बसवलेला आणि सेंद्रिय अंश नसलेला असतो. म्हणून रेड अल्डरसारखी, हवेतला नत्र जमिनीत आणणारी आणि उकरलेल्या मातीत मुळातच आधी उगवणारी झाडे पुढे करावीत आणि सीडरला नंतर बोलवावे. दीडशे वर्षांपूर्वी इथे काय होते याच्या नकाशापेक्षा आज पायाखाली कोणती माती आहे, यावरून यादी ठरवलेली बरी.

शिवडीकर यांचा उपप्रश्न:

चर्चा सिॲटलची असली तरी एक विचारतो. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर दारूखाना नावाच्या भागात वर्षानुवर्षे जहाजे तोडली गेली. तिथल्या जमिनीचा पुनर्विकास व्हावा, असे बोलले जाते, आणि त्या चर्चेत 'तिवरे लावू' हे वाक्य हमखास येते. तिवर तर आपले शंभर टक्के स्थानिक झाड आहे. मग आपल्याला एवढ्या खटाटोपाची गरजच नाही, असे म्हणता येईल का?

भूस्तर यांचे उत्तर:

नाही म्हणता येणार. जहाज तोडताना रंगातले शिसे, तेल आणि ॲस्बेस्टॉस अशी निरनिराळी द्रव्ये मातीत आणि गाळात जातात, आणि वर सांगितल्याप्रमाणे धातू तिवरांमुळे नाहीसे होत नाहीत. तिवरे गाळ धरून ठेवतात, ही त्यांची मोठी सेवा आहे, पण तोच गाळ विषारी असेल तर तो धरून ठेवायचा की आधी काढायचा, हे नमुने तपासल्यावाचून ठरवू नये. दुसरे असे की, शिवडीच्या ज्या उघड्या चिखलावर रोहित पक्षी चरतात, तो मोकळा प्लॉट नव्हे. तिथे तिवरे दाटली तर पक्ष्यांची चरण्याची जागा जाते. म्हणजे योग्य स्थानिक झाडही भरती-ओहोटीच्या चुकीच्या पातळीवर लावले तर नुकसान करते.

गमबूट यांचे उत्तर:

मी शास्त्रज्ञ नाही, पण डुवामिशच्या काठावर गेली काही वर्षे लागवडीला जात आहे, म्हणून बोरीबंदर यांच्या शेवटच्या मुद्द्यापुरते लिहितो. या नदीचा खालचा सुमारे पाच मैलांचा भाग २००१ पासून केंद्र सरकारच्या सर्वाधिक प्रदूषित जागांच्या यादीत आहे, आणि पीसीबी, म्हणजे पूर्वी विद्युत उपकरणांत वापरली जाणारी, सहज न मोडणारी विषारी रसायने, हे तिथले मुख्य दुखणे आहे. तुम्ही रोपे लावाल ती शक्यतो गाळ किंवा माती काढून झालेल्या जागी. उदाहरणार्थ, साउथ पार्क वस्तीजवळ पूर्वी डांबरी छपराचा माल बनत असे, त्या टर्मिनल ११७ ची माती आधी काढली गेली आणि २०२२ मध्ये तिथे उद्यान व खाजण तयार झाले. तेव्हा शुद्धीकरण करायला चाललो आहोत असे मनात धरू नका; शुद्ध झालेल्या जागेचा ताबा रानटी ब्लॅकबेरीने घेण्याआधी तो लव्हाळ्याला मिळवून द्यायचा आहे.

या ब्लॅकबेरीला इथे 'हिमालयन' म्हणतात, पण तिचा हिमालयाशी संबंध नाही. मूळची ती आर्मेनियाकडची. नुसती छाटली तर महिन्याभरात परत येते, त्यामुळे मुठीएवढा गड्डा कुदळीने उपटावा लागतो आणि काटे कातडी हातमोज्यातूनही लागतात. दुसरा शत्रू कॅनडा हंस. लव्हाळ्याची वीतभर रोपे चिखलात लावून आपण घरी गेलो की ओहोटीला हंसांचा थवा येतो आणि रोपे मुळासकट ओढून खातो. म्हणून खुंट ठोकून त्यांच्यामध्ये हातभर अंतरावर आडव्या-उभ्या दोऱ्या ताणतात, जेणेकरून हंसाला पंख पसरून उतरायला आणि उडायला जागाच मिळू नये. आमचा निम्मा वेळ या दोऱ्यांतून शेवाळ आणि प्लॅस्टिक काढण्यात जातो.

आपल्याकडे लावणी मृगाच्या पावसावर होते, इथे तिची वेळ उलटी आहे. इथला उन्हाळा कोरडा असतो, म्हणून रोपे ऑक्टोबरपासून पुढे, पाऊस सुरू झाल्यावर लावतात, म्हणजे पहिल्या उन्हाळ्याआधी मुळांना सात-आठ महिने मिळतात. बाबा तोवर इथे असतील तर त्यांनाही घेऊन या. गमबूट गुडघ्यापर्यंतचे आणा, घोट्यापर्यंतचे चिखलातच राहतात. आणि निघताना पाण्याच्या नळावर हात धुतल्याशिवाय डबा उघडू नका.