आरबी2 ला कॉनर की हबर्ड? सेमीफायनल आहे, सल्ला द्या

एडिसनचा_पाव्हणा (शुक्रवार, 20 डिसेंबर 2024, रात्री)
मंडळी मदत हवीये. फँटसी फुटबॉल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे (एनएफएल) खरे खेळाडू निवडायचे आणि त्यांच्या कामगिरीचे पॉइंट आपल्याला, त्याची बारा टीमची लीग, हाफ पीपीआर (प्रत्येक कॅचला अर्धा पॉइंट), वीक 16 म्हणजे आमची सेमीफायनल. सेक्वॉन बार्कली आरबी1 (पहिला रनिंग बॅक, बॉल घेऊन पळणारा) ला आहे त्याचा प्रश्नच नाही, रिसिव्हरला पुका आणि अमॉन-रा, फ्लेक्सला (आरबी किंवा रिसिव्हर कोणीही चालतो ती जागा) ब्रायन थॉमस, त्याला या घडीला काढायची माझी हिंमत नाही. उरली आरबी2 ची एक जागा आणि तिथे दोघं, कार्डिनल्सचा जेम्स कॉनर आणि पँथर्सचा चुबा हबर्ड. दोघं एकाच मॅचमधे समोरासमोर आहेत, रविवारी 22 तारखेला दुपारी एक वाजता, कार्डिनल्स पँथर्सच्या घरी शार्लटला जातायत. म्हणजे एकाचा आकडा बघून दुसऱ्याचं ठरवू ही सोयसुद्धा नाही. हबर्डने मला इथवर आणलंय हे खरंय, म्युनिकमधे जायंट्सविरुद्ध 153 यार्ड काढले तेव्हा ती मॅच मी त्याच्या एकट्याच्या जोरावर जिंकलो. पण मागच्या रविवारी काउबॉईजविरुद्ध 10 कॅरी (बॉल घेऊन पळण्याच्या संधी) आणि 32 यार्ड. लीगमधे माझ्या समोरच्याकडे डेरिक हेन्री आहे, तो शनिवारीच खेळतोय. कोणाला लावू? नुसतं नाव नको, कारण पण सांगा.

यार्डवाला_डॅलस
कॉनर. पँथर्सचा रन डिफेन्स या वर्षी लीगमधे सगळ्यात वाईट आहे आणि हे मी वरवरचं बोलत नाहीये, मागचे तीन आठवडे ओळीने बघ. बकी अर्विंग 152, सेक्वॉन 124, आमचा रिको डाउडल 149. तीन वेगळ्या टीम, तीन वेगळ्या पद्धतीचे बॅक, आणि तिघांनाही तीच मोकळी वाट मिळाली. डेरिक ब्राऊन पहिल्याच मॅचनंतर गुडघ्यामुळे सीझनभर बाहेर, शॅक थॉम्पसनचं अकिलीस चौथ्या आठवड्यात फाटलं, म्हणजे मधली फळीच गेली. आणि कॉनर कुठून पळतो? मधूनच. अंगावर आलेल्या पहिल्या माणसाला घेऊन पुढे दोन-तीन यार्ड जाणारा बॅक आहे तो, अशा डिफेन्ससमोर तेच लागतं. मागच्या आठवड्यात पेट्रियट्सविरुद्ध रन आणि कॅच मिळून 138 यार्ड, वर दोन टचडाऊन. याला बसवून ठेवायचं म्हणजे कमाल होईल राव.

शार्लटची_मीनल
मी शार्लटलाच असते, पँथर्सच्या घरच्या मॅचेस स्टँडमधून बघते, त्यामुळे डिफेन्सबद्दल वरचं सगळं मान्य, डोळ्यांनी बघितलंय. पण हबर्डबद्दल कोणी बोलतच नाहीये म्हणून लिहिते. डॅलसच्या मॅचला आम्ही मागे पडलो म्हणून त्याला बॉलच मिळाला नाही, तो वाईट पळाला असं नाही. त्याच्या आदल्या आठवड्यात ईगल्ससारख्या डिफेन्सविरुद्ध 92 यार्ड आणि टचडाऊन होता की. दुसरी गोष्ट, आमचा दुसरा बॅक जॉनथन ब्रूक्स, त्याचा गुडघा त्याच ईगल्सच्या मॅचमधे परत गेला, बिचारा वर्षभर रिहॅब करून नुकता आला होता, आता मागे ब्लॅकशिअर वगैरे, म्हणजे सगळं काम हबर्डचंच. तिसरी, ऑफेन्सिव्ह लाइन. मार्चमधे रॉबर्ट हंट आणि डेमियन लुईस दोन्ही गार्ड मोठे पैसे देऊन आणले ते यासाठीच, आणि यंदा मधून जागा तयार होते हे नीट दिसतं. बक्सविरुद्ध ओव्हरटाइममधे हबर्डच्या हातून फम्बल झाला (बॉल सुटला) तेव्हा मला वाटलं आता कोच कनालेस त्याचे कॅरी कमी करणार, तर पुढच्याच मॅचला उलट जास्त दिले. कोचचा इतका भरवसा असलेला बॅक बेंचवर?
आणि हो, कार्डिनल्सचा डिफेन्स काही पोलादी नाहीये, पंधरवड्यापूर्वी सीहॉक्सच्या शार्बोनेने त्यांच्याविरुद्ध 134 यार्ड आणि दोन टचडाऊन काढलेत, तेही केनेथ वॉकर नसताना मिळालेल्या संधीत.

पंत_पिट्सबर्ग
माझं मत कॉनर, पण आधीच सांगतो की मी त्याच्या बाबतीत तटस्थ नाही. आमच्या पिट युनिव्हर्सिटीचा पोरगा. 2015 मधे गुडघ्याच्या दुखापतीच्या तपासण्या चालू असताना हॉजकिन्स लिम्फोमा निघाला, केमो घेत घेत टीमबरोबर सराव करत होता, 2016 मधे परत येऊन खेळला, मग स्टीलर्सनेच घेतला आणि 2018 मधे लेव्हियॉन बेल वर्षभर आला नाही तेव्हा याने जागा भरून काढून प्रो बोल (लीगमधल्या निवडक खेळाडूंचा मान) गाठला. इथे अजून लोक त्याची जर्सी घालतात. बरं ते राहू दे, माया लाइनअपमधे पॉइंट देत नाही.
पॉइंटचं म्हणशील तर रेड झोन (गोल लाइनआधीचे शेवटचे 20 यार्ड) बघ. कार्डिनल्सचा ट्रे मॅकब्राइड एवढे बॉल पकडतो पण या सीझनला अजून एकही रिसिव्हिंग टचडाऊन नाही. म्हणजे गोल लाइनजवळ कार्डिनल्स काय करतात, तर कॉनरला देतात नाहीतर क्वार्टरबॅक कायलर स्वतः पळतो. कायलर पळाला तर तुझं नुकसान, तेवढा धोका आहेच. वय 29, आणि आजवर एकही सीझन पूर्ण खेळलेला नाही हेही डोक्यात ठेव, यंदा मात्र आत्तापर्यंत सगळ्या मॅचेस खेळलाय.

रात्रपाळी_पुणे
मी यावर्षीच खेळायला लागलोय, अमेरिकेतल्या भावाने लीगमधे ओढलं, इथे मॅच रात्री साडेअकराला चालू होते. एक विचारू का, दोघांनाही लावून थॉमसला बसवलं तर? आणि दोघं समोरासमोर असले की एकाचं चांगलं झालं म्हणजे दुसऱ्याचं वाईट असं असतं का?

यार्डवाला_डॅलस
@रात्रपाळी_पुणे थॉमसने मागच्याच आठवड्यात जेट्सविरुद्ध दोन टचडाऊन केलेत, त्याला हात लावू नये.
दुसरा प्रश्न भारी आहे, खरं तर सगळी गोम तिथेच आहे. एकाचं चांगलं म्हणजे दुसऱ्याचं वाईट असं नेहमी नसतं, दोघं एकमेकांना टॅकल करत नाहीत, समोर वेगवेगळे डिफेन्स असतात. पण मॅच कशी जाते त्यावर कोणाला किती बॉल मिळणार ते ठरतं. समज कार्डिनल्स पुढे गेले, तर चौथ्या क्वार्टरला घड्याळ संपवायला कॉनरच पळणार आणि पँथर्स पास टाकत बसणार, हबर्डचं डॅलससारखं होणार. समज पँथर्स चांगले खेळले आणि मॅच अटीतटीची झाली, तर हबर्डला बॉल मिळेल, पण कॉनरचा काही बंद होत नाही, कारण असा रन डिफेन्स समोर असताना कार्डिनल्सचा ऑफेन्सचा कोच पेटझिंग शेवटपर्यंत पळवणारच. म्हणजे हबर्डला मॅच एका विशिष्ट पद्धतीने जावी लागते, कॉनरला दोन्हीकडून चालतं. सेमीफायनलला मी तरी दुसऱ्या प्रकारचा माणूस घेतो.

शार्लटची_मीनल
मुद्दा पटला, पण "कार्डिनल्स पुढे जातील" हे तू गृहीत धरतोयस त्यावर माझा आक्षेप आहे. आमचा रेकॉर्ड 3-11 आहे हे खरं, पण आमचा क्वार्टरबॅक ब्राइस यंग परत आल्यापासूनच्या मॅचेस बघ ना. चीफ्सकडून 30-27, बक्सकडून ओव्हरटाइममधे 26-23, ईगल्सकडून 22-16. तिन्ही हरलो पण तिन्हीत शेवटपर्यंत होतो, आणि तिन्ही टीम कार्डिनल्सपेक्षा चांगल्या आहेत. डॅलसची मॅच अपवाद आहे, तुम्ही तिला नियम करताय. मला जर कोणी विचारलं की कोणाला वीसच्या वर कॅरी मिळतील तर मी हबर्ड म्हणेन.

पंत_पिट्सबर्ग
मीनलताईंचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पाव्हण्या, एक कर, शनिवारी हेन्री आमच्या स्टीलर्सविरुद्ध खेळतोय, ते आधी होऊ दे. त्याने तीन टचडाऊन मारले आणि तू खोल खड्ड्यात असशील तर ज्याचा स्फोट होऊ शकतो तो घे, बरोबरीत असशील तर ज्याचा भरवसा जास्त तो. एकाच टीमला नेहमी एकच उत्तर नसतं.

एडिसनचा_पाव्हणा (रविवार सकाळी)
हेन्रीने 162 यार्ड काढले पण टचडाऊन नाही. म्हणजे मार बसला पण मॅच हातात आहे. रात्री बराच वेळ परत सगळं वाचलं. मीनल, तुझ्यामुळे हबर्ड जवळजवळ लावला होता, कॅरीचा मुद्दा अजून डोक्यात आहे. पण शेवटी यार्डवाल्याचं पटलं, हबर्डला मॅच जवळची राहावी लागते आणि कॉनरला तसली अट नाही. कॉनर लावलाय. सकाळी साडेअकराला इनॅक्टिव्हची (आज न खेळणाऱ्यांची) यादी येईल, त्यात त्याचं नाव निघालं तरच हबर्ड आत.

यार्डवाला_डॅलस
बरोबर केलंस. आणि थॉमस फ्लेक्सलाच आहे ना एकदा तपास, जॅग्वार्सची मॅच दुपारी चारनंतर आहे, शेवटच्या क्षणी काही झालं तर फ्लेक्समधे आरबी पण बसतो, रिसिव्हरच्या जागेत नाही.

शार्लटची_मीनल
मी निघालेय स्टेडियमला. मी हबर्डसाठी ओरडणार, पण कॉनरने तुला फायनलला नेलं तर मला वाईट वाटणार नाही. वॉर्मअपला कोणी लंगडताना दिसला तर इथे लगेच टाकते.