जुन्या एसयूव्हीत एअरबॅगचा लाईट विझत नाही, चालवावी का?

प्रश्न: सेकंडहँड एसयूव्ही घेतलीये, एअरबॅगचा लाईट कायम चालू. मेकॅनिक म्हणतो सेन्सरचं काहीतरी असेल, चालवा बिनधास्त. पण गाडीत मुलं असतात हो, भीती वाटते.

उत्तर १: बिनधास्त अजिबात नको! लाईट राहिला म्हणजे सिस्टीमने फॉल्ट पकडलाय, धडकेत बॅग उघडेलच याची खात्री नाही. जुन्या गाड्यांत बरेचदा स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग (चाक फिरलं तरी एअरबॅग-हॉर्नचं कनेक्शन टिकवणारी गुंडाळलेली वायर) जाते, हॉर्न पण मधेच बंद पडत असेल तर तेच बघा आधी, नाहीतर सीटखालचा कनेक्टर सैल होतो. स्कॅनरने फॉल्टचा कोड वाचून घ्या, एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना स्वतः हात लावू नका.

उत्तर २: आणि रिकॉल (दोष निघाला म्हणून कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं) चेक कराच. टकाटा या एअरबॅग बनवणाऱ्या कंपनीच्या इन्फ्लेटरमधलं (बॅग फुगवणारा भाग) अमोनियम नायट्रेट उष्णतेने आणि दमट हवेने वर्षानुवर्षं खराब होत जातं, मग बॅग फुगताना धातूचं कवचच फुटून तुकडे अंगावर येतात, लोक गेलेत यात, आणि या दोषात लाईट पेटतच नाही. १७ अक्षरी चेसिस नंबर कंपनीच्या साईटवर टाका, रिकॉल असेल तर साधारणपणे फुकट बदलून देतात.

उत्तर ३: तक्रार तोंडी नको, सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डवर लिहून घ्या.

प्रश्नकर्ता: हॉर्न खरंच मधेमधे वाजत नाही! उद्याच स्कॅन करतो.