चार अक्षरांत माणूस मावतो?

गोदाकाठ: काल इथे एकांनी लिहिलं की लग्नाआधी आणि नोकरी देताना सगळ्यांची एमबीटीआय (माणसाचा स्वभाव चार अक्षरांत सांगणारी चाचणी) घ्या, निम्मी भांडणं मिटतील. डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय. मानसशास्त्रज्ञ युंगने १९२१ मध्ये स्वभावाचे प्रकार मांडले, त्यावरून ब्रिग्ज आणि मायर्स या मायलेकींनी चाचणी बेतली. दोघींनी मानसशास्त्र रीतसर शिकलेलं नव्हतं. पण खरी गोची वेगळीच. बहुतेक माणसं अंतर्मुख-बहिर्मुखच्या मधोमध असतात. तिथे रेघ मारली की जेमतेम इकडचा ‘आय’ (अंतर्मुख), जेमतेम तिकडचा ‘ई’ (बहिर्मुख). महिन्याभराने परत द्या, कित्येकांचं एखादं अक्षर बदलतं. यावर नोकऱ्या ठरवायच्या? चाचणीचे प्रकाशकच सांगतात, भरतीसाठी वापरू नका.

सह्यवेडा: शिक्षण काढू नका हो. आमच्या टीममधला एक पोरगा मीटिंगमध्ये तोंड उघडायचा नाही. साहेब त्याला प्रोजेक्टवरून काढायला निघाले होते. चाचणीमुळे त्याच्या गप्प राहण्याचा विषय निघाला. आदल्या दिवशी अजेंडा पाठवायला लागलो, तर पठ्ठ्या मुद्दे लिहून आणायला लागला. याला निरुपयोगी म्हणायचं?

गोदाकाठ: त्याला नुसतं विचारलं असतं तरी सांगितलं असतं त्याने.

कऱ्हाडकर: लग्नाआधीची चाचणी आपल्याकडे आहेच की! पत्रिकेतले गण: देव, मनुष्य, राक्षस. माझी बहीण चित्रा नक्षत्रावर जन्मली, म्हणून राक्षस गण. मुलाकडच्यांनी फोनवरच सांगितलं, ‘मुलगी तापट असणार.’ तिला बघितलंसुद्धा नव्हतं. बालवाडीतली वीस पोरं सांभाळते ती, आवाज चढत नाही.

आबा_वाईकर: शास्त्राला दोष देऊ नका. ३६ गुणांत गणाचे फक्त ६, नाडीचे ८. नुसत्या गणावरून नकार देणारे अर्धवट.

कऱ्हाडकर: आबा, हे अर्धवट लोकच स्थळं घेऊन येतात. आईने पत्रिका दाखवायचीच बंद केली शेवटी. तुमचं शास्त्र तेव्हा कुठे होतं?

आबा_वाईकर: भाषा सांभाळा. आमच्या घरात तीन पिढ्या पत्रिका बघून संसार झालेत.

गोदाकाठ: पत्रिका काय, एमबीटीआय काय, दोन्हींचं मूळ एकच: कुणालाही आपलंच वाटेल असं वर्णन. १९४८ मध्ये फोरर या मानसशास्त्रज्ञाने वर्गातल्या सगळ्यांना तेच वर्णन ‘तुमचा स्वभाव’ म्हणून वाटलं. ते किती जुळतं याला पोरांनी पाचपैकी सरासरी चारच्या वर गुण दिले!

सह्यवेडा: एमबीटीआयला पत्रिकेच्या पंगतीला बसवू नका. इथे उत्तरं आपणच देतो, जन्मवेळ नाही. शिवाय बिग फाइव्हमधल्या (मानसशास्त्रज्ञ स्वभाव ज्या पाच घटकांत मोजतात त्यातल्या) बहिर्मुखतेशी हिचा ई-आय चांगला जुळतो. हे तरी मान्य करा.

गोदाकाठ: तेवढं करते. मग आकडाच सांगा ना, अक्षराचा शिक्का कशाला? आणि कोण किती लवकर चिडतं, खचतं, हा बिग फाइव्हमधला घटक एमबीटीआयच्या चार अक्षरांत नाहीच. लग्नात तोच बघायला हवा.

सह्यवेडा: बरं, भरतीचं आणि लग्नाचं तुमचं खरं. टीममध्ये मी वापरणारच.

आबा_वाईकर: कऱ्हाडकर, बहिणीचं जमलं का मग?

कऱ्हाडकर: ते तुम्हाला कशाला हवंय? परत पत्रिका मागाल.