किलकेनीत नोर नदीकाठी काय खाल्लंत, काय प्यायलात? (अनुभव धागा)

दर उन्हाळ्यात आमच्या डब्लिनच्या घरी भारतातून कोणी ना कोणी येतं आणि दर उन्हाळ्यात किलकेनीची एक फेरी ठरलेली. ह्यूस्टन स्टेशनवर गाडीत बसलं की दीडेक तासात पोचतो. किल्ला आहे, नदी आहे, सगळं पायी उरकतं. १६०९ साली राजाने सनद दिलेली, त्यामुळे तिथली माणसं त्याला अगदी ठासून 'सिटी' म्हणतात. आपल्या मापाने तालुक्याचं गाव. बघायचं काय ते कोणीही सांगेल. पंचाईत होते ती खाण्याची.

पहिल्या खेपेला सासू-सासरे आणि आम्ही दोघं. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड. त्या नादात किल्ल्याखालच्या काठावर रेंगाळलो आणि सव्वानऊला एका पबात शिरलो. आत ही गर्दी, फिडल चालू, हसणं-खिदळणं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, किचन नऊला बंद झालं, क्रिस्प्स आहेत. सासऱ्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. "अगं, अजून दिवस मावळला नाही आणि यांचं किचन बंद?" त्या रात्री चौघांत टायटोच्या चीज-अनियन वेफर्सची सहा पाकिटं, हॉटेलच्या खोलीतला चहा आणि सासूबाईंच्या पिशवीतली शेंगदाण्याची चटणी.

म्हणून हा धागा. स्वतः बसून खाल्लेलं-प्यायलेलंच सांगा, 'ऐकलंय की छान आहे' नको. भाव लिहू नका, दर वर्षी बदलतात.

कार्लोची विद्यार्थिनी

ताई, तुम्ही रेस्टॉरंटचं विचारताय, मी डेली काउंटरचं (दुकानातला तयार खाण्याचा काउंटर) सांगते. कार्लो जवळच, त्यामुळे आमची टोळी शनिवारी उठून किलकेनीला जाते आणि खिशात जेमतेम पैसे असतात. कुठल्याही सुपरमार्केटात किंवा पेट्रोल पंपाच्या दुकानात गरम काउंटर असतो. तिथे चिकन फिलेट रोल मागायचा. काउंटरमागची बाई हातमोजे चढवते, हातभर पाव मधोमध कापते आणि मान वर न करता विचारते, बटर की मेयो? पहिल्यांदा मी "दोन्ही" म्हणाले तर तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग साधं का स्पायसी? स्पायसी म्हणजे आपल्याकडे लहान मुलांना चालेल इतपतच, पण स्पायसीच घ्या. आत कांदा, लेट्यूस, चीज, वर चिकनचे तुकडे. कागदात असा घट्ट गुंडाळून देतात की अर्धा खाऊन उरलेला बॅगेत टाकता येतो.

तो घेऊन जॉन्स ब्रिजपाशी यायचं आणि किल्ल्याच्या अंगाने कॅनॉल वॉकला लागायचं. अठराव्या शतकात इथून कालवा काढायला घेतला आणि तो पुरा झालाच नाही. चालायला रस्ता उरला. एका बाजूला किल्ल्याची भिंत, दुसऱ्या बाजूला नोर, बाकावर आपण. बदकांना पाव घालू नका, एकाला घातला की बारा येतात.

गवारीची भाजी (शाकाहारी, अंडंही नाही)

आईबाबांना घेऊन गेले होते. बाबा कांदा-लसूण खातात एवढीच सवलत.

एक गोष्ट शिकले ती आधी सांगते. इथल्या मेनूवर प्रत्येक पदार्थापुढे बारीक आकडे असतात, चौदा ॲलर्जीकारक घटकांचे. कायद्यानेच ही माहिती द्यावी लागते. मला वाटलं, झालं काम! अंड्याचा आकडा नाही, माशाचा नाही, म्हणजे शाकाहारी. 'व्हेजिटेबल सूप' मागवलं, सोबत ब्राउन ब्रेड. बाबांना फारच आवडलं, दुसरी वाटी मागवली. मग सहज विचारलं तर सूप चिकन स्टॉकमध्ये शिजवलेलं. चिकन ॲलर्जीच्या यादीत नसतंच ना! बाबा काही बोलले नाहीत, फक्त चमचा खाली ठेवला. तेव्हापासून मी आकडे बघतेच आणि तोंडाने 'स्टॉक कशाचा' तेही विचारते. इथे कोणी वैतागत नाही. एका ठिकाणी तर मुलगी आत जाऊन डबा घेऊन आली आणि मला वाचायला दिला.

आमचं पोट खरं भरलं ते किल्ल्यासमोरच्या डिझाइन सेंटरमध्ये. किल्ल्याचे जुने तबेले आहेत ते, खाली हस्तकलेचं दुकान आणि वर कॅफे. सॅलड मांडून ठेवलेली असतात, बोट दाखवून मागता येतात. आईला तेच बरं वाटलं, दिसतंय ते खातोय. स्कोनवर (चहासोबतचा छोटा, गोलसर पाव) मात्र अंड्याचा हात फिरवलेला असतो, ते ध्यानात ठेवा.

रविवारच्या कार्व्हरीला (दुपारी मांस कापून वाढतात तो प्रकार) शाकाहारी माणसाने गेलं तर ताटात मॅश केलेला बटाटा, भाजलेला बटाटा आणि उकडलेला बटाटा असे तिघं शेजारी बसून येतात. मी गंमत म्हणून नाही सांगत, माझ्याकडे फोटो आहे.

एलकाका

वीस वर्षं आयर्लंडात आहे, तेव्हा प्यायचं माझ्याकडे.

लिहितात 'स्मिथविक्स', म्हणतात 'स्मिडिक्स'. थ, व दोन्ही गिळायचे. १७१० पासून हे गाव या लाल एलवर (बिअरचाच एक प्रकार) जगलं. कारखाना सेंट फ्रान्सिस ॲबीच्या आवारात होता, जुन्या मठाचे अवशेष थेट टाक्यांच्या गराड्यात होते. २०१३ च्या अखेरीस इथलं गाळणं थांबलं आणि सगळं डब्लिनला गेलं. आता इथे किलकेनीत पार्लमेंट स्ट्रीटवर 'स्मिथविक्स एक्स्पीरियन्स' आहे. फेरी मारली की शेवटी पाइंट मिळतो. गावातल्या म्हाताऱ्यांपुढे मात्र हा विषय काढू नका, ग्लास खाली ठेवून बोलायला लागतात.

बाहेरच्या देशांत 'किलकेनी' नावाची क्रीमी एल मिळते. आमच्या एका पाहुण्याने इथे येऊन मोठ्या तोऱ्यात "वन किलकेनी प्लीज" म्हटलं. बारमन म्हणाला, "यू आर स्टँडिंग इन इट." इथे स्मिडिक्सच मागायची.

आता गावातच गाळलेली हवी असेल तर जॉन स्ट्रीटवर सलिव्हन्सची टॅपरूम. जुनं नाव, २०१६ मध्ये नव्याने सुरू केलेलं. रेड एल उत्तम, मागे अंगण. लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा मिळतो, म्हणजे धागाकर्तीबाईंचा प्रश्न काही अंशी तिथेच सुटतो.

गिनेस घेणार असाल तर ग्लास अर्ध्यावर बाजूला ठेवला म्हणून हात पुढे करू नका. दोन टप्प्यांत भरतात, कंपनीच्या हिशेबाने ११९.५ सेकंद. माझ्या मेव्हण्याने निवळायच्या आतच उचलला होता, शेजारच्या अनोळखी माणसाने हळूच त्याच्या मनगटावर हात ठेवला.

आणि राउंड! चौघं बसलात तर एकेकाने चौघांचं आणायचं. आपली पाळी चुकवणाऱ्याची आठवण हे लोक वर्षानुवर्षं ठेवतात. न पिणाऱ्यानेही पाळी घ्यावी, स्वतःसाठी लेमोनेड आणावं. बारवर टिप लागत नाही. टेबलावर जेवलात तर दहा टक्क्यांच्या आसपास ठेवतात.

नाइट ड्युटी

नर्स आहे, किलकेनीतच. रात्रपाळी संपली की आम्ही तिघी-चौघी फुल आयरिश ब्रेकफास्ट करतो, तेच आमचं रात्रीचं जेवण. रॅशर्स (बेकनच्या पट्ट्या), सॉसेज, अंडी, टोमॅटो, मश्रूम, बीन्स, टोस्ट आणि पुडिंगच्या दोन चकत्या. पुडिंग म्हटलं की आपल्याला गोड वाटतं. केरळची एक नवीन मुलगी शेवटी खायचं म्हणून काळी चकती बाजूला ठेवून बसली होती. काळं पुडिंग म्हणजे डुकराचं रक्त आणि ओट्स, पांढऱ्यात रक्त नसतं. मला काळंच आवडतं, कडा कुरकुरीत भाजलेली. कोणाला चालत नसेल तर आधी सांगा, तिच्याऐवजी जास्तीचं अंडं देतात.

चहा कडक असतो. बॅरीज (इथला चहाचा ब्रँड) असेल तर दुधाचा हात सैल सोडा, आपल्या चहाच्या जवळपास जातो.

न पिणारा

एलकाका, लेमोनेडबद्दल धन्यवाद. मी पबात चहाची किटली मागवतो आणि आजवर कोणी वाकडं बघितलेलं नाही.

कायटेलर्स इनला गेलो होतो, कायरन स्ट्रीटवर. दगडी तळघर, वर गाण्याबजावण्याची बैठक. नाव ॲलिस कायटेलरचं. १३२४ मध्ये तिच्यावर चेटकीण म्हणून खटला झाला. ती निसटली आणि तिची मोलकरीण पेट्रोनिला जिवंत जाळली गेली. मालकीण सुटते, मोलकरीण जळते आणि सातशे वर्षांनी पाटीवर नाव मालकिणीचंच. स्ट्यू ठीक होता. संगीतासाठी जा.

वादक चालू असताना त्यांच्या कोपऱ्यातली रिकामी खुर्ची ओढू नका, ती उशिरा येणाऱ्या वादकाची असते. मी ओढली होती.

शेजारच्या आजोबांनी विचारलं, कुठचा? महाराष्ट्र म्हटल्यावर काही उजळेना. मग म्हटलं, तुमचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर, त्यांचे वडील मालवणजवळच्या वराडचे, मी कणकवलीचा, म्हणजे तसा शेजारीच. त्यानंतर अर्धा तास त्यांनी मला आयर्लंडच्या घरांच्या किमतींचा जाब विचारला.

दोन पोरांची आई

नऊनंतर अठरा वर्षांखालच्यांना पबात बसू देत नाहीत (मे ते सप्टेंबर दहा). आम्हाला हे ऑक्टोबरात समजलं, एका पबात, ताटं नुकतीच समोर आलेली असताना. मोठा बारा वर्षांचा, त्याने चिप्स खिशात भरल्या. मालक बिचारा ओशाळला होता, डब्यात बांधून दिलं, पण ऑर्डर घेतानाच सांगायला काय झालं होतं?

मुलांसोबत असाल तर रेस्टॉरंटातला अर्ली बर्ड गाठा. संध्याकाळी पाच ते साडेसहाच्या सुमारास तेच जेवण कमी पैशात. किल्ल्यासमोर रिनुचीनी आहे, इटालियन, पायऱ्या उतरून तळघरात. ताजा पास्ता. मुलांनी ताट पुसून खाल्लं.

+१

गुरुवारी जा. परेडवर, म्हणजे किल्ल्यासमोर, सकाळी शेतकऱ्यांचा बाजार असतो. पाव, चीज, सफरचंदाचा रस. ऑक्टोबरच्या बँक हॉलिडेला 'सेव्हर किलकेनी' हा खाद्यमहोत्सव असतो, तेव्हा हॉटेलची खोली आधी बघा. हर्लिंगची (काठी-चेंडूचा आयरिश खेळ) मोठी मॅच असेल त्या दिवशी मात्र जेवायचा नाद सोडा. सगळं गाव काळ्या-पिवळ्या जर्सीत पबात असतं.

रवा फ्राय

गोड्या पाण्याचा मासा म्हटलं की आम्ही गोवेकर नाक मुरडणार. पण मित्रांबरोबर नदीच्या खालच्या अंगाला इनिस्टीगला घर भाड्याने घेतलं होतं, वाटेत थॉमसटाउनजवळ गोट्सब्रिजचं ट्राउटचं फार्म लागलं. घेतला. हळद, मीठ, लाल तिखट, लिंबू, वरून रवा. मांस गुलाबी, बांगड्याचा वास नाही, तरी तव्यावर जमला. तिसऱ्या तुकड्याला धुराचा अलार्म वाजला. घरमालक शेजारीच राहायचे, धावत आले. अलार्म बंद केला, तव्याकडे बघितलं, उभ्याउभ्या दोन तुकडे खाल्ले आणि विचारलं, बाहेरचं ते पिवळं काय आहे?

तिथलंच स्मोक्ड ट्राउटही घ्या. ब्राउन ब्रेड, भरपूर लोणी, वर तो, लिंबू पिळून. रव्यापेक्षा तेच बरं, हे माझ्या आईला सांगू नका.

गवारीची भाजी

एक राहिलं. जॉन्स ब्रिजजवळ टायनन्स ब्रिज हाउस म्हणून जुना बार आहे, पूर्वी तिथेच किराणा आणि औषधं विकायचे. भिंतीला अजून छोटे ड्रॉवर आहेत, त्यांवर नावं: लवंग, बदाम, जायपत्री. आईला आत यायचंच नव्हतं, 'दारूचं दुकान' म्हणून. ड्रॉवर दाखवले तर वीस मिनिटं तिथून हलेना. एक उघडून वास घेऊ का, असं मला मराठीत विचारत होती आणि बारमनकडे बघून हसत होती.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. येत्या शनिवारी निघतोय. टेबल साडेसहाचं घेतलंय. सासरे म्हणतात, साडेसहाला कोण जेवतं, ती चहाची वेळ. चटणी बरोबर घेतलीच आहे.

कार्लोच्या मुली, बटर आणि मेयो दोन्ही मागितलं तर देतात ना नक्की?

कार्लोची विद्यार्थिनी

देतात. फक्त नंतर बघत राहतात.