राउटिंग म्हणजे ‘वळवणे’ की ‘उपसणे’?

दादरकर: टीव्हीचा ऑप्टिकल (प्रकाशाच्या तारेतून येणारा) आवाज रास्पबेरी पाय या छोट्या संगणकामधून स्पीकरला न्यायची टिपणे मराठीत करतोय. ‘ऑडिओ राउटिंग’ला काय म्हणावे? ‘मार्गण’ वाचून लोक पळतील.

गिरगावकर: सरळ ‘वळवणे’. मेगाब्लॉकला जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवतात, ते कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

मुलुंडकर: गोम तिथेच आहे. वळवायचे तर आधी वाहते असावे लागते. पायला ऑप्टिकल इनपुट नसतेच. ज्या मॉडेलांवर 3.5 मिमीचा जॅक आहे, तोही आवाज फक्त बाहेर सोडतो, आत घेत नाही. ऑप्टिकल इनपुटचे यूएसबी कार्ड लावले तरी आत आलेला आवाज आपणहून स्पीकरला जात नाही. एका प्रोग्रॅमला तो सतत एका कार्डातून काढून दुसऱ्यात ओतावा लागतो. म्हणजे उपसा! खालच्या टाकीतले पाणी गच्चीवर चढवतात तसा. ‘वळवणे’ वाचलेला माणूस अल्सामिक्सरमध्ये, म्हणजे लिनक्सच्या ‘अल्सा’ ध्वनिव्यवस्थेच्या आवाज-नियंत्रणात, बटण शोधत बसतो.

दादरकर: पटले. मग पंप कोणता?

मुलुंडकर: अल्सालूप. अल्सा-युटिल्स या अल्साच्या प्रोग्रॅम-संचात मिळतो. एरेकॉर्ड (आवाज घेणारा प्रोग्रॅम) आणि एप्ले (वाजवणारा) यांना ‘वजा एल’ देऊन कार्डे पाहा आणि क्रमांकाऐवजी नाव वापरा, कारण रीबूटनंतर क्रमांक बदलू शकतो. अल्सालूपला मोठ्या सीपुढे घ्यायचे कार्ड, मोठ्या पीपुढे सोडायचे, छोट्या टीपुढे विलंब द्या. तो मायक्रोसेकंदांत असतो, म्हणून 50 मिलिसेकंदांना 50000.

गिरगावकर: एरेकॉर्ड पाइपने एप्लेला जोडले तरी वाजते की.

मुलुंडकर: वाजते, आणि काही वेळाने टकटकते. दोन्हीकडे सेकंदाला 48000 नमुने लिहिलेले असले तरी वेग ठरवणारे क्रिस्टल वेगळे. फरक दशलक्षात 50 धरला तर सेकंदाला 2.4 नमुने चुकतात. 50 मिलिसेकंदांची, म्हणजे 2400 नमुन्यांची शिल्लक साधारण 17 मिनिटांत संपते. अल्सालूपमध्ये सिंकला ‘सॅम्पलरेट’ दिले की तो वेग जुळवत राहतो.

गिरगावकर: मग ओव्हररनला ‘ओसंडणे’, अंडररनला ‘कोरडे पडणे’, सिंकला ‘मेळ’. उपशासोबत फुकटात मिळाले! पण मथळ्यात ‘उपसणे’ नको हो, मोरी तुंबल्यासारखे वाटते.

दादरकर: मथळा ‘आवाज स्पीकरला पोचवणे’, आत उपसा. आणि नुसती खरखर आली तर?

मुलुंडकर: त्यात पंपाचा दोष नाही. टीव्ही डॉल्बी, म्हणजे दाबून बांधलेला आवाज, पाठवत असेल. त्याच्या मेनूत डिजिटल आउटपुट पीसीएम, म्हणजे साधा न दाबलेला, करा.