शनिवारचा बालवर्ग : 'त्या' फोटोची सूचना आणि हॉलचा टीव्ही

सुजाता (बालवर्ग), गुरुवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

शनिवारच्या पालकांना उद्या दुपारपर्यंत सूचना जायला हवी. दुपारपासून सात जणांनी 'मोमो चॅलेंज'चा तोच गुजराती मेसेज मला पाठवलाय. तोच बटबटीत डोळ्यांचा चेहरा, विस्कटलेले केस. मसुदा असा:

"सावधान! कार्टूनच्या मध्येच एक भयानक चेहरा येऊन मुलांना स्वतःला इजा करायला सांगतो. हे चॅलेंज जीवघेणे आहे. सोबतचा फोटो मुलांना दाखवून 'ही दिसली तर लगेच आईला सांग' असे बजावावे. मंडळाच्या हॉलमधील टीव्ही पूर्ण सुरक्षित आहे."

फोटो जोडलाय. फक्त हो किंवा नाही कळवा, चर्चा नको. मुलं साडेचारपासून येऊन बसतात आणि वर्ग पाचला, त्यामुळे तो अर्धा तास टीव्ही लागतोच.

निनाद, गुरुवार, रात्री ९.३२

नाही.

सुजाताताई, आधी फोटो काढा. ज्या मुलाने तो चेहरा पाहिलेला नाही त्याला तो आपणच दाखवणार, आणि वर 'ही तुला इजा करायला सांगेल' असं आईच्या तोंडून वदवून घेणार. पाच वर्षांच्या पोराची रात्रीची झोप मग कोण परत आणणार?

तो चेहरा खोटा नाही, पण त्याचा चॅलेंजशी काही संबंध नाही. जपानचे शिल्पकार केईसुके आइसो यांचं ते शिल्प, २०१६ मध्ये टोकियोच्या गिंझा भागातल्या एका गॅलरीत मांडलेलं. बाळंतपणात गेलेल्या बाईचं भूत अशी तिकडची लोककथा आहे, म्हणजे आपल्या अळवंतिणीचीच बहीण. खाली पक्ष्याचे पाय होते, ते फॉरवर्डमध्ये कापलेले असतात. शिल्प रबराचं होतं, कुजलं आणि २०१८ मध्ये शिल्पकाराने स्वतःच टाकून दिलं. जुलै २०१८ मध्ये ते लॅटिन अमेरिकेत 'मोमो' म्हणून फिरलं, ऑगस्टात भारतात आलं, फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये शाळांनी आणि पोलिसांनी इशारे काढले. तिथल्या एनएसपीसीसी या बालसंरक्षण संस्थेने तेव्हा सांगितलं की या विषयावर काळजीत पडलेल्या पालकांपेक्षा पत्रकारांचेच फोन जास्त आले. यूट्यूबनेही असं चॅलेंज पसरवणारे व्हिडिओ आपल्याकडे सापडले नाहीत असं कळवलं होतं.

ज्याला खात्री करायची त्याने फोटो गूगल लेन्समध्ये टाकावा, शिल्प सापडतं. मेसेजही नीट वाचा. तारीख नाही, गाव नाही, 'पोलिसांनी सांगितलंय' पण ठाणं कुठलं ते नाही, वर दुहेरी बाण, म्हणजे अनेकदा फॉरवर्ड झालेला. असले मेसेज कायम 'गेल्या आठवड्यातले'च असतात.

शुभदाकाकू, गुरुवार, रात्री ९.५०

निनाद, अळवंतीण लिहिलंस, बरं वाटलं. हल्ली तिला सगळे सरसकट हडळ म्हणतात.

सुजाता, 'चॅलेंज' कशाला? 'आव्हान' शब्द आहे की. आणि 'हॉलमधील' आणि 'बजावावे' एकीकडे, 'सावधान!' दुसरीकडे, सूचना आहे की सरकारी पत्रक, एकदा ठरव. गणपतीच्या पत्रिकेलाही हेच झालं होतं.

पराग, गुरुवार, रात्री १०.०५

काकू, 'आव्हान' लिहिलं तर निम्म्या आयांना वाटेल निबंधस्पर्धा आहे. मुलं चॅलेंजच म्हणतात. शिवाय आपल्या वर्गातली बरीच मुलं गुजराती आणि इंग्रजी माध्यमाची, कित्येक घरी सूनबाई गुजराती. सूचना दोन्ही भाषांत काढा.

सुजाता, निनादचं पटतं, पण काहीच पाठवलं नाही तर उद्या लोक म्हणतील मंडळ झोपलं होतं. २०१७ च्या ब्लू व्हेल या 'आत्महत्येच्या खेळा'च्या वेळी सगळ्यांनी पाठवलंच होतं.

निनाद, गुरुवार, रात्री १०.२१

बरं झालं आठवण काढलीत. ११ ऑगस्ट २०१७ ला केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने गूगल, फेसबुक, व्हॉट्सॲप वगैरेंना त्या खेळाच्या लिंक काढायला सांगितलं. ती बातमी सगळ्यांनी वाचली. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने लोकसभेत उत्तर दिलं की ज्या घटना त्या खेळाच्या नावावर मांडल्या गेल्या, त्यांतली फोन आणि इंटरनेटची तपासणी केल्यावर एकाही घटनेत खेळाचा संबंध सिद्ध करता आला नाही. ती मात्र कुणाच्या ग्रुपवर आली नाही.

आणि मसुद्यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात आधी काढा. हॉलचा टीव्ही सुरक्षित नाही. तो मंडळाच्या खात्यावर लॉगिन आहे, त्यावर आपोआप पुढचा व्हिडिओ लागतो, आणि रिमोटवर माइकचं बटण आहे. ज्याला टाइप करता येत नाही त्या चार वर्षांच्या मुलालाही बोलून काहीही शोधता येतं.

बापूकाका (ज्येष्ठ नागरिक गट), शुक्रवार, सकाळी ६.१५

टीव्हीबद्दल लिहिताय म्हणून सांगतो. टीव्ही ज्येष्ठ नागरिक गटाने वर्गणी काढून घेतला आहे. रोज सहा वाजता हरिपाठ आणि गुरुवारी कीर्तन त्या खात्यावरून लागतं. कोजागरीच्या वेळी कुणी 'जरा सेटिंग बघतो' म्हणून हात लावला, त्यानंतर तीन दिवस आमचं कीर्तन सापडत नव्हतं. लॉगिनला कुणीही हात लावणार नाही. मुलांना गोष्टी सांगा, टीव्ही कशाला पाहिजे?

निनाद, शुक्रवार, सकाळी ८.४०

काका, खातं तसंच राहील. पण कोजागरीचा विषय तुम्हीच काढलात म्हणून सांगतो. त्या रात्री चार जणांनी टीव्हीवरचा कोड टाकून आपापले फोन यूट्यूबला जोडले, आणि ते अजून जोडलेलेच आहेत. कोडने जोडलेला फोन हॉलच्या वायफायवर नसला तरी त्याच्यावरून इथे व्हिडिओ लागू शकतो. घरी कुणाचं कार्टं बाबांच्या फोनवर गेमचे व्हिडिओ बघताना ते टीव्हीवर पाठवायचं चौकोनी चिन्ह दाबतं आणि इथे दांडिया बाजारातल्या हॉलमध्ये तुमच्या हरिपाठाच्या मध्येच बंदुका सुरू होतात. यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी आहे, तिथून सगळे एकदम काढता येतात. याने तुमचं लॉगिन हलत नाही.

त्याच ठिकाणी ऑटोप्ले बंद करा. आणि नको ते व्हिडिओ गाळणारा प्रतिबंधित मोड चालू करा, पण त्यावर फार विसंबू नका. तो त्या एका टीव्हीपुरता लागतो, गाळणीची भोकं मोठी आहेत, मराठी-गुजराती-हिंदीत तर बरंच काही निसटतं.

मेधाताई, शुक्रवार, सकाळी ९.२५

टीव्हीवर यूट्यूब किड्स लावलं की प्रश्नच मिटेल ना?

निनाद, शुक्रवार, सकाळी ९.४८

अर्धाच मिटतो, मेधाताई. टीव्हीवर किड्स हे आता यूट्यूब ॲपच्या आतलंच प्रोफाइल आहे. मागे-मागे बटण दाबत गेलं की खाती निवडायचा पडदा येतो, आणि तिथे मंडळाचं खातं शेजारीच उभं.

घरच्या फोन-टॅबसाठी मात्र किड्स जरूर वापरा. नुसतं ॲप टाकून थांबू नका. तीन वयोगट असतात: चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ, नऊ ते बारा. लोक घाईत शेवटचा निवडतात, कारण त्यात जास्त व्हिडिओ. लहानांसाठी या तिन्हींपेक्षा 'फक्त मंजूर केलेलं' हा पर्याय निवडा. त्यात शोध बंद होतो आणि पालकाने टिचकी मारून घेतलेलंच दिसतं. एक गोम आहे: चॅनेल मंजूर केलं की त्याचं सगळं आत येतं, म्हणून अनोळखी चॅनेलचे सुटे व्हिडिओच घ्या. कोपऱ्यातलं कुलूप दाबलं की ते गुणाकार विचारतं. दुसरीतलं पोर तो सोडवतं! तिथे स्वतःचा चार आकडी पासकोड घाला, जन्मसाल नको.

कार्टूनच्या मध्ये घाणेरडं काही घुसडलेलं नसतंच असं मी म्हणत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्येच अमेरिकेत एका बालरोगतज्ज्ञ आईने मुलांच्या व्हिडिओत मधोमध जोडलेला आत्महत्येचा तुकडा दाखवून दिला होता, आणि तो खरा होता. म्हणून फोटो फिरवून उपयोग नाही. पुढचा तुकडा दुसऱ्याच चेहऱ्याचा असेल. यादी आपल्या हातात असली पाहिजे.

पराग, शुक्रवार, सकाळी १०.१०

साइटचे पत्ते शोधून देणारा डीएनएस, गाळणीवाला, का नाही लावत? क्लाउडफ्लेअर कंपनीचा कुटुंबासाठीचा, १.१.१.३, राउटरमध्ये एकदा घातला की हॉलभर लागू. अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस म्हणूनही टाकता येतो, फक्त तिथे आकडे नाही, family.cloudflare-dns.com हे नाव लिहायचं.

निनाद, शुक्रवार, सकाळी १०.२२

घाला, अश्लील साइट अडतात. पण डीएनएसला फक्त घराचा पत्ता कळतो, आत कुठल्या खोलीत काय चाललंय ते कळत नाही. यूट्यूबचा पत्ता चालू, म्हणजे आतला प्रत्येक व्हिडिओ चालू. आणि मुलाने मोबाइल डेटा चालू केला की राउटर गेला बाजूला.

सुजाता, शुक्रवार, सकाळी १०.४०

मी लिहिलं होतं, चर्चा नको. आता सरळ सांगा, उद्या साडेचारला टीव्हीवर काय लावू?

निनाद, शुक्रवार, सकाळी ११.०५

पेनड्राइव्ह लावा. इंटरनेट काढून टाका. मंडळाची मागच्या बालनाट्यांची आणि गाण्यांची रेकॉर्डिंग आहेत ना, तीच. काकांच्या लॉगिनला धक्का नाही, शोध नाही, पुढचा व्हिडिओ नाही.

नेमकं कुठे अडेल ते आत्ताच सांगतो. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि एफएटी३२ या पद्धतीने फॉरमॅट करा. एक्सफॅट ही दुसरी पद्धत काही टीव्ही वाचतच नाहीत. एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, पेनड्राइव्ह रिकामा असला तरी. बालनाट्याची फाइल नक्की त्याहून मोठी असेल. ती हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये घालून 'फास्ट १०८०पी३०' निवडा, लहान होईल आणि एमपी४ होईल. आयफोनवर घेतलेले व्हिडिओ तसेच टाकू नका, ते बहुतेक एचईव्हीसी या नव्या स्वरूपात असतात. जुन्या टीव्हीवर आवाज येतो आणि पडदा काळा राहतो, मग सगळे टीव्हीला नावं ठेवतात. मॅकवरून कॉपी केलंत तर प्रत्येक फाइलची टिंबाने सुरू होणारी एक जुळी दिसेल. ती चालत नाही, घाबरू नका. फाइलींना ०१, ०२ असे आकडे द्या. त्या फोल्डरमध्ये दुसरं काहीही नको, कारण एक संपली की टीव्ही पुढची लावतो.

हॉलचा टीव्ही वायरने जोडलाय. ती वायर काढली तरी काही टीव्ही गपचूप आठवणीतल्या वायफायवर जातात, म्हणून सेटिंग्जमध्ये वायफायही बंद करा. मग यूट्यूब उघडून बघा, इंटरनेट नाही असं आलं पाहिजे.

मेधाताई, शुक्रवार, दुपारी १२.१०

सूचनेत पालकांसाठी काय लिहायचं ते मी सुचवते. 'तू ते पाहिलंस का' असं नाव घेऊन विचारू नका. 'हल्ली बघताना कशाची भीती वाटली का, काही विचित्र आलं का' असं विचारा, तेही रोजच्यासारखं, भाजी निवडता निवडता. मुलाने काही सांगितलं तर फोन हिसकावून घेऊ नका. एकदा सांगितल्याबद्दल फोन गेला की दुसऱ्यांदा मूल सांगत नाही, आणि ऑनलाइन फसवणारा माणूस नेमकं हेच त्याच्या मनात भरवत असतो: 'आईला सांगू नकोस, फोन जाईल.'

खरा धोका चेहऱ्यापेक्षा चॅटचा. गेममध्ये ओळख, दोन दिवसांत 'व्हॉट्सॲपवर ये', मग फोटोची मागणी, मग धमकी. तसं झालं तर पैसे देऊ नका आणि चॅट पुसू नका. नंबर, प्रोफाइलचं नाव, मजकूर यांचे स्क्रीनशॉट घ्या, मगच ब्लॉक करा. मुलाचा आक्षेपार्ह फोटो 'पुरावा' म्हणून कुणालाही पाठवू नका, आपल्या ग्रुपवर तर अजिबात नाही. तो पुढे पाठवणं आयटी कायद्याच्या कलम ६७बी आणि पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली स्वतःच गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, पैसे गेले असतील तर १९३०, तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर. मूल खरंच स्वतःला इजा करायचं बोललं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६, आणि त्याला एकटं सोडू नका.

शुभदाकाकू, शुक्रवार, दुपारी १२.३०

'आक्षेपार्ह' छान. बाकी सगळं लांब आहे, कोण वाचणार?

सुजाता, शुक्रवार, दुपारी १.०५

नवी सूचना, हीच जाणार, दुपारी दोनला, मराठी आणि गुजरातीत:

"सध्या फिरणारा भीतीदायक फोटोचा मेसेज जुना आहे आणि त्यातील दाव्याला आधार नाही. फोटो पुढे पाठवू नका, मुलांना दाखवू नका. मुलांच्या फोनवर यूट्यूब किड्समध्ये 'फक्त मंजूर केलेलं' लावून घ्या. जमत नसेल त्यांनी शनिवारी ४.३० ला फोन घेऊन या, निनाद लावून देईल. मूल घाबरलेलं वाटल्यास रागावू नका. मदत: १०९८ (मुलांसाठी), १९३० (पैसे गेल्यास), १४४१६ (मानसिक आरोग्य)."

काकू, 'चॅलेंज' शब्दच काढला.

निनाद, शुक्रवार, दुपारी १.१२

मी कधी हो म्हटलं? बरं, येतो. पण आपापल्या गूगल खात्याचे पासवर्ड आठवून या म्हणावं. मागच्या वेळी अर्धा तास त्यातच गेला.

बापूकाका, शुक्रवार, दुपारी ४.२०

पेनड्राइव्हला माझी हरकत नाही. वायर मी काढेन आणि साडेपाचला मीच लावेन, दुसऱ्या कुणी लावायची नाही. ते जोडलेले फोन काढायचे कसे, ते निनादने आज हरिपाठाच्या आधी येऊन दाखवावं. हॉलची चावी माझ्याकडे आहे, पाच वाजता उघडतो.