घरात सरावासाठी मेणाच्या गोळ्या: करता येतात का, की वेगळं काही करावं?

कर्वेनगरचा_पालक
मुलगी अकरावीत आहे, १० मीटर एअर पिस्तूल खेळते. बालेवाडीच्या रेंजला आठवड्यातून तीनदाच जाणं जमतं, म्हणून बाकीचे दिवस घरी सराव व्हावा असं वाटतं. हॉल २० फूट लांब आहे. माझ्या वडिलांच्या नावावर परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे. परदेशी व्हिडिओंमध्ये लोक काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत नुसती कॅप (बुडाला बसणारी, ठिणगी देणारी टोपी) आणि पुढे मेणाची गोळी बसवून घरात नेम धरतात. दारू नाही, आवाज कमी, खर्चही नाही. हे आपल्याकडे सुरक्षित आहे का? नसेल तर २० फुटांत काय करता येईल? नेमकं सांगा, सामानही सांगा.

शिसं_आणि_पोलाद
मेणाच्या गोळ्यांचा विचार आत्ताच सोडा. आधी कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करायला स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्र बाळगायचा परवाना त्यासाठी चालत नाही. काडतुसाचे सुटे भागही कायद्याच्या व्याख्येत दारूगोळाच आहेत, म्हणजे 'दारू घातलीच नाही' हा बचाव टिकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. व्हिडिओ ज्या देशातले असतात तिथे काडतूस भरणं हा छंद आहे. आपल्याकडे तो गुन्हा आहे.

आता तांत्रिक बाजू. कायदा बाजूला ठेवला तरी हा प्रकार हॉलमध्ये नको.

नेहमीच्या काडतुसात दारूचा दाब पुंगळीला मागे रेटतो आणि किंचित बाहेर आलेली कॅप परत जागेवर बसते. नुसत्या कॅपवर तो दाब मिळत नाही. कॅप मागे सरकून अडकते आणि रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर फिरायचं थांबतं. मग माणूस भरलेलं हत्यार हातात धरून जोर लावतो. दाब कमी पडला तर गोळी नळीतच राहते. मेण आहे, निघेल, असं म्हणून सोडून दिलं आणि पुढे कधी त्याच नळीतून खरं काडतूस उडवलं, तर नळी फुगते किंवा फाटते. सरावासाठी फेरफार केलेली पुंगळी चुकून खऱ्या पुंगळ्यांत मिसळणं हाही तसाच धोका.

धुराचं कुणी बोलत नाही. बहुतेक कॅपमध्ये लेड स्टिफनेट, बेरियम नायट्रेट आणि अँटिमनी सल्फाइड असतं. गोळी मेणाची असली तरी शिसं हवेत जातंच, आणि बंद हॉलमध्ये ते सोफ्याच्या कापडावर, गालिच्यावर बसतं. मेणाची गोळी डोळा फोडू शकते हे वेगळं.

सगळ्यात मोठा धोका सवयीचा आहे. ज्या हत्यारात खरी काडतुसं जातात ते घरात भिंतीकडे रोखून चाप ओढायची सवय लागली, की एक दिवस चुकीचं काडतूस आत असतं.

दहा_मीटर
वरच्या सगळ्याशी सहमत. शिवाय .३२ चा ट्रिगर, वजन, पकड यांचा एअर पिस्तुलाशी काही संबंध नाही. एअर पिस्तुलाचा ट्रिगर ओढायचा भार किमान ५०० ग्रॅम, पिस्तूल जास्तीत जास्त दीड किलोचं. मुलीचा हात दुसऱ्याच गोष्टीला सरावेल.

घरी एअर पिस्तूलच वापरा. ४.५ मिमी नळी आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर हत्याराला परवाना लागत नाही; विकत घेताना दुकानदार ओळखपत्र आणि पत्ता नोंदवतो. मॅच (स्पर्धेच्या) पिस्तुलाचा अर्धा ग्रॅमचा छर्रा साधारण १५० मीटर प्रतिसेकंद वेगाने गेला तर ऊर्जा साडेपाच जूलच्या आसपास येते. कमी वाटते, पण डोळ्याला ती पुरेशी घातक आहे. खोलीत जो कोणी असेल त्याने पॉलिकार्बोनेटचा चष्मा लावायचा, आजीनेसुद्धा.

२० फुटांत ५ मीटर अंतर बसतं, मागे उभं राहायला थोडी जागाही उरते. टार्गेट मात्र नुसतं निम्मं करून छापू नका, इथेच बहुतेकजण फसतात. अंतर निम्मं झालं तरी छर्रा ४.५ मिमीचाच राहतो. रेंजच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिमी आहे आणि छर्र्याची कड लागली तरी गुण मिळतो, म्हणजे प्रत्यक्षात १६ मिमीची सूट. ५ मीटरवर ती ८ मिमी व्हायला हवी, म्हणून छापायचं वर्तुळ ८ वजा ४.५, म्हणजे ३.५ मिमी. पुढचं प्रत्येक वर्तुळ व्यासाने ८ मिमी मोठं. काळा भाग मात्र डोळ्याला तेवढाच दिसायला हवा, म्हणून तो रेंजवरच्या ५९.५ मिमीचा निम्मा, जवळपास ३० मिमी. गुणांची रेष आणि काळ्याची कड जुळणार नाही, ते बरोबरच आहे.

उंचीही बदलते. रेंजवर टार्गेटचं केंद्र जमिनीपासून १४० सेंमी असतं. मुलीची डोळ्याची उंची १५० असेल तर ५ मीटरवर केंद्र १४५ ला लावा, म्हणजे हाताचा कोन तोच राहील. साइटचा (नेम धरायच्या खुणेचा) एक क्लिक इथे निम्माच सरकतो. घरची सेटिंग डायरीत वेगळी लिहून ठेवा, रेंजला गेल्यावर परत फिरवा.

सिंहगड_रोड_फॅब्रिकेशन
ट्रॅपचं, म्हणजे छर्रे अडवणाऱ्या पेटीचं सांगतो. ३ मिमी एमएस (माइल्ड स्टील) प्लेट, ४५ अंशात, वरची कड नेमबाजाकडे झुकलेली, म्हणजे छर्रा खाली वळतो. तोंड किमान २० बाय २० सेंमी, कारण पिस्तुलाचं पूर्ण कार्ड १७ बाय १७ असतं. तळाला रबरी मॅट. प्लेट उभी सरळ लावली तर शिशाचे तुकडे समोर उडतात.

पेटीची समोरची कड नीट बघा. पोलादाची उघडी कड म्हणजे छर्रा थेट परत यायची जागा. तिथे लाकडी पट्टी किंवा जाड रबर लावाच.

पेटीमागे १८ मिमीचा चार बाय चार फुटांचा प्लाय, आणि प्लायपुढे हातभर मोकळी लोंबणारी जाड सतरंजी. ताणून ठोकलीत तर छर्रा उसळतो. सैल असेल तर मार खाऊन खाली पडतो. खालच्या मजल्यावरून आवाजाची तक्रार येत असेल तर प्लेटपुढे, एसीच्या पाइपाभोवतीचं भोक बुजवायला वापरतात ती न वाळणारी लांबी (पुटी) चार-पाच सेंमी जाड भरा, छर्रा आतच रुततो.

टार्गेटमागे दार किंवा खिडकी नको. नेमबाजाच्या पुढे उघडणारं दार असेल तर आतून कडी.

दहा_मीटर
लांबीबद्दल (पुटीबद्दल) एक भर: मध्यभागी रुतलेल्या छर्र्यांचा गठ्ठा झाला की नवा छर्रा जुन्यावर आपटून परत येतो. राखाडी डाग दिसायला लागला की उकरून काढा.

कर्वेनगरचा_पालक
फार उपयोग झाला, धन्यवाद. मेणाचं डोक्यातून काढलं. एअर पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर घरी पंपाने भरावा का? आणि शिशाचं काय, घरात पाच वर्षांचा भाचा येतो.

शिसं_आणि_पोलाद
सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा. मॅच पिस्तुलांच्या सिलिंडरची मुदत दहा वर्षांची असते, जुनं पिस्तूल स्वस्तात मिळतं तेव्हा ती बहुधा संपत आलेली असते. भरायचा तो कोरडी, स्वच्छ हवा, बहुतेक २०० बारपर्यंत, आणि हळू, कारण घाईत भरलं की गरम होतो. ऑक्सिजन कधीही नाही. ऑक्सिजन, दाब आणि तेलाचा अंश एकत्र आले की स्फोट होतो. गॅरेजच्या किंवा फ्रिजच्या कॉम्प्रेसरची तेलकट हवाही नको. सीलला फक्त सिलिकॉन ग्रीस. हातपंप चालतो, पण पुण्याच्या पावसाळ्यात हवेतलं पाणी आत जातं, म्हणून ओलावा शोषणारा फिल्टर लावा आणि दर काही मिनिटांनी पंपातलं पाणी सोडा.

शिसं: रोज ६० छर्रे, महिन्यात २५ दिवस धरले तर पाऊण किलो शिसं त्या पेटीत जमतं. झाडू मारायचा नाही, साधा व्हॅक्यूमही नाही, धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसा, फडकं वेगळं ठेवा, घरच्या कपड्यांत धुवू नका. सराव झाला की साबणाने हात धुवायचे, त्याआधी खाणं-पिणं नाही. छर्रे तोंडात धरायची सवय काहींना असते, ती पहिल्या दिवशीच तोडा. भाचा येणार असेल तेव्हा पेटी बंद खोलीत, पिस्तूल कुलपात, छर्रे वेगळ्या कुलपात.

दहा_मीटर
आणि घरच्या वेळातला मोठा भाग छर्र्याशिवायच जाऊ द्या. मॅच पिस्तुलात ड्राय फायरची कळ असते, ट्रिगर खऱ्यासारखाच ओढला जातो, हवा सुटत नाही. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून फक्त पुढची-मागची साइट आणि ट्रिगर बघायचा, टार्गेट नाहीच. स्प्रिंगच्या बंदुकीवर हे करू नका, छर्र्याची अडवण नसली की पिस्टन आपटून त्याचं सील जातं. ड्रायलासुद्धा नियम तेच: आधी नळी रिकामी असल्याची खात्री, छर्रे दुसऱ्या खोलीत, हातातून ठेवताना नळीतून आरपार सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण). सीलिंग फॅन बंद ठेवा, छर्रे मारताना कार्ड हलतं आणि मुलगी आपला हात हलतोय असं समजते.